वाढत्या अंगाचं माप

आईनं मोरीच्या तोंडाशी पाट ओढला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली, पाय लांब केले आणि म्हणाली, "आण गं तिला."

मी जुईला तिच्या नडग्यांवर उताणी ठेवली. बाळाला आधी पालथं घालून पाठ शेकायची आईची पद्धत होती, पण जुईचं पोट इतकं फुगलं होतं की तिला पालथं घालता येत नव्हतं. आठ महिन्यांच्या मुलीचे हातपाय काडीसारखे, पोट घागरीसारखं आणि रंग पिकून गळायला आलेल्या पानासारखा. आईनं कोपर बुडवून पाणी पाहिलं, तळहातावर मसुराचं पीठ साईत कालवलं आणि जुईच्या अंगाला हलक्या हातानं लावू लागली. जुई रडली नाही. कोमट पाण्यानं तिची खाज तेवढा वेळ थांबायची.

"बघ, कशी राणीसारखी पडलीय," आई म्हणाली. "उद्या कोण घालणार अंघोळ, माहितीय का राणीसाहेब? उद्या आजीला सुट्टी. आजीला पण कुणीतरी दुसरंच अंघोळ घालणार."

"स्पंजिंग म्हणतात आई त्याला."

"म्हणू देत. पाठ चोळणार का पण?"

मी हसले. खोली पुण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होती. एक कॉट, एक गॅस, खिडकीशी आईचं हातमशीन. बार्शीहून येताना तिनं ते एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या लिव्हरचा डाव्या बाजूचा एक तुकडा काढून तो जुईला बसवणार होते. संध्याकाळच्या आत दोघींना दाखल व्हायचं होतं. तोवर आम्हाला काहीच काम नव्हतं, म्हणून तो दिवस अगदी रोजच्यासारखा चालला होता.

जुईला पुसून, पावडर लावून आईनं तिच्या हातांत मोजे घातले. जुन्या सुती साडीचे, तिनंच शिवलेले. ते नसले की जुई स्वतःला ओरबाडून घ्यायची.

निरंजन, माझा नवरा, दोघींचे शेवटचे रिपोर्ट घेऊन आला. चपला काढता काढताच त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. तोवर घरात रिपोर्ट वाचायचं काम माझं झालं होतं. निरंजन आकड्यांना घाबरायचा. मी मात्र वाचत सुटले होते. लायब्ररीत, मोबाईलवर, हॉस्पिटलच्या बाकावर, जे हाती लागेल ते.

"आईंचं काय?" निरंजननं विचारलं.

"सगळं नॉर्मल."

"मी सगळ्यात पास," आई म्हणाली. "शाळेत कधी झाले नव्हते. गणितात तर नाहीच."

"आई, तुम्ही बसा, चहा मी टाकतो."

"निरंजनराव, तुमचा चहा पिऊन माझे रिपोर्ट बिघडतील. सरका."

तो सरकला. मी दोन्ही कागद कॉटवर शेजारी शेजारी ठेवले. प्रत्येक कागदावर तीन रकाने होते. तपासणीचं नाव, आकडा आणि कितीपासून कितीपर्यंत असावा ते. तपासण्या त्याच होत्या, तरी तिसरा रकाना आईचा वेगळा होता आणि जुईचा वेगळा. हा फरक शिकायला आम्हाला फार उशीर झाला होता.

जुईचा जन्म बार्शीचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मी सातव्या महिन्यातच आईकडे आले होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई घरात ब्लाऊज आणि लहान मुलांचे कपडे शिवायची, त्यावरच तिनं मला शिकवलं. नातीसाठी तिनं गल्लीभर पुरतील एवढी झबली शिवून ठेवली होती. जुई तिसऱ्या दिवशी पिवळी दिसायला लागली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नव्या बाळांना कावीळ होते, ऊन दाखवा. ते चूक नव्हतं. बहुतेक बाळांना होते आणि जाते. आई रोज सकाळी जुईला कोवळ्या उन्हात घेऊन बसायची आणि मग अंघोळ घालायची. डाळीचं पीठ, साय आणि हळद. घरची हळद, आईनं स्वतः कांडून आणलेली. हळदीनं लव जाते, कांती उजळते, जंतू लागत नाहीत, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं आणि मलाही तिनं तशीच वाढवली होती.

बाळ पिवळं दिसायचं, ते हळदीचं. दुपट्यावर पिवळे डाग पडायचे, तेही हळदीचे. डोळ्यांत काजळ असायचं, त्यामुळे पांढऱ्याचा रंग कुणी निरखून पाहिला नाही. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, काय सोन्यासारखी कांती आहे हो. आई खूश झाली. मीही झाले.

दोन महिने उलटून गेल्यावर एके दिवशी अंघोळीला पाणी आलं नाही. त्या दिवशी जुईला नुसतं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशीही पाणी नव्हतं. तरी ती पिवळीच होती.

आम्ही रक्त तपासून घेतलं. आलेल्या कागदावर एक आकडा ठळक छापलेला होता, आठशेच्या वर, आणि समोर लिहिलं होतं, चाळीस ते एकशे तीस. तो कागद घेऊन आम्ही पुण्याला आलो. वाटेत आई त्या एकाच आकड्याबद्दल बोलत होती. आठशे म्हणजे किती गं जास्त? औषधानं उतरेल ना?

डॉ. बोरवणकरांनी कागद पाहिला आणि त्या आकड्यावर पेन टेकवलं. "हा बघून घाबरलात का? ही जी मर्यादा छापलीय ना, ती मोठ्या माणसांची आहे. लहान मुलांची हाडं वाढत असतात, त्यांच्यात हा आकडा मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्तच असतो. जुईचा त्याहूनही थोडा वर आहे, पण माझी काळजी ती नाही."

"म्हणजे वाढत्या अंगाचं माप वेगळं असतं," आई म्हणाली.

"बरोबर, तसंच."

आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग डॉक्टरांचं पेन खाली सरकलं आणि दुसऱ्याच एका आकड्यावर थांबलं. सहा पूर्णांक काहीतरी. आम्ही त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

"हा बघा. एकूण कावीळ नव्या बाळात थोडे दिवस चढलेली चालते. पण काविळीचा हा भाग कुठल्याच वयात एवढा चालत नाही. पहिल्या दिवसाच्या बाळातसुद्धा नाही." त्यांनी वर पाहिलं. "शी कुठल्या रंगाची होते?"

"पांढरट," आई म्हणाली. "चिकणमातीसारखी. दुधावरचं बाळ, म्हणून मला वाटलं…"

"आणि अंग कधीपासून पिवळं दिसतंय?"

आईनं जुईचं दुपटं सारखं केलं. मग हळू म्हणाली, "मी अंघोळीला हळद लावत होते."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. ते तिला एका शब्दानंही बोलले नाहीत. जुईच्या पित्ताच्या नळ्या बंद होत्या. त्यावर एक ऑपरेशन असतं, पण ते दोन महिन्यांच्या आत केलं तर जास्त लागू पडतं. आमचे तीन होत आले होते. ते केलं आणि लागू पडलं नाही. मग उरलं ते लिव्हरच बदलणं.

माझ्या सासूबाई वाईट नव्हत्या. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "बाळ तुमच्याकडे असतानाच झालं ना हे सगळं." आईनं फोन खाली ठेवला. "खरंच आहे," ती मला म्हणाली. "लेकीचं बाळंतपण करून बाळ धड परत पाठवायचं असतं. माझ्या घरून तू असं नेणार नाहीस."

जुईचा रक्तगट ओ. माझा बी, निरंजनचा ए. आमचं दोघांचंही चालत नाही असं कळलं, तेव्हा आई कॉरिडॉरमध्ये पाण्याची बाटली भरत होती. टोपण लावून ती आली आणि म्हणाली, "माझा ओ आहे. तुझ्या वेळेला सांगितला होता दवाखान्यात." बस. एवढंच. मी काही म्हणाले नाही.

मी काही म्हणाले नाही याला माझ्यापुरतं कारण होतं. लग्नाआधी आईनं मला जे थोडं शिकवलं, त्यात एक होतं, माहेरी येऊन काही मागायचं नाही. आई ओळखून देईल ते ओटीत घ्यायचं. मागणाऱ्या लेकीची माहेरात पत राहत नाही. मी कधीच मागितलं नव्हतं. साडी नाही, लोणच्याची बरणीसुद्धा नाही. ती द्यायची आणि मी घ्यायची.

दुपारी निरंजन हॉस्पिटलच्या कागदांसाठी गेला. जुई झोपली. आई मशीनशी बसून एक फ्रॉक शिवत होती, गुलाबी, बारीक फुलांचा. तो जुईला दीड-दोन वर्षांची झाल्यावर आला असता.

"मोठा होतोय तो," मी म्हणाले.

"वाढत्या अंगाचा शिवते. ऑपरेशननंतर भराभर वाढेल, डॉक्टर म्हणाले की. आत दुमड ठेवलीय, लागली तर उसवून सोड." ती हॅण्डल फिरवत राहिली. "माझ्यातला तुकडापण वाढतो म्हणे तिच्याबरोबर. आणि माझा उरलेलाही भरून येतो. कापडाचं असं असतं तर किती बरं झालं असतं गं. एका ब्लाऊजपीसमध्ये गाव शिवलं असतं."

मी बॅग भरत होते. थोड्या वेळानं मशीनचा आवाज थांबला.

"त्या समुपदेशनवाल्या बाई आहेत ना," आई म्हणाली, "त्यांनी मला एकटीला बसवलं होतं परवा. दार लावून. कॅमेरा चालू."

"हो, नियमच आहे तो."

"विचारलं, कुणी जबरदस्ती केलीय का? जावई? मुलगी? मी म्हटलं, अहो, माझ्या लेकीनं तोंडातून शब्द काढला नाही. एकदासुद्धा मागितलं नाही तिनं." तिनं दोरा तोडला. "मग म्हणाल्या, ऑपरेशनला नेईपर्यंत केव्हाही नको म्हणा. आम्ही घरच्यांना सांगू, तपासणीत बसत नाही म्हणून. खरं कारण कुणालाही कळणार नाही."

मी जुईचे कपडे घडी करत होते. एक झबलं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं.

"चांगली सोय आहे," मी म्हणाले.

"हो ना."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. तिनं सुई हातात घेतली.

"हेमा, मला भीती वाटते गं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून ती परत परत सुईपाशी नेत होती आणि ते बाजूनं जात होतं.

"तुझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आई," मी म्हणाले. "एकही आकडा बाहेर नाही."

"हो," ती म्हणाली. "सगळ्यात पास."

मी तिच्या हातातून सुई घेऊन दोरा ओवून दिला. तिनं फ्रॉकची कड टाचून पुरी केली.

निघायच्या आधी कानातल्या कुड्या काढायच्या होत्या. वर्षानुवर्षं घातलेल्या, मळानं घट्ट बसलेल्या. मी साबणाचा फेस लावून एकेक फिरकी सोडवली. तिचे कान मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. डाव्या पाळीच्या मागे एक तीळ होता.

"दुखतंय?"

"नाही. तू कर."

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही. आईला आधी शुद्ध आली. जुई काचेपलीकडे नळ्यांमध्ये होती, पण तिच्या तळव्यांचा रंग बदलू लागला होता. मग एका सकाळी तिथली नर्स बाहेर आली आणि हसत म्हणाली, "या, बघा." डायपरमध्ये पिवळी शी होती. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मी त्याचा मोबाईलवर फोटो काढला. असा फोटो कुणी काढत असेल का, मला माहीत नाही. तो घेऊन मी आईच्या वॉर्डात धावत गेले.

"आई, बघ. हळदीसारखी."

आईनं चष्मा मागितला. बराच वेळ पाहिलं. मग ती हसायला लागली आणि पोटाला हात धरून म्हणाली, "हसवू नकोस गं, टाके उसवतील." हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "हळदीसारखी," ती म्हणाली. "माझ्या हळदीसारखी."

दुसऱ्या दिवशी तिला चालवायचं होतं. तिचे सकाळचे रिपोर्ट आले होते आणि सगळे मर्यादेत होते. नर्सच्या आधारानं ती दारापर्यंत गेली, परत फिरली, खुर्चीत बसली. म्हणाली, "दम लागला." पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत तिचा श्वास अडकला होता. पायातली एक गुठळी फुप्फुसात गेली होती. त्यांनी खूप प्रयत्न केले. मी दारात उभी होते. डॉ. बोरवणकर बाहेर आले. लिव्हरमध्ये काही दोष नव्हता, एवढं ते दोनदा म्हणाले.

त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जुई दूध पीत होती.

आईच्या अंत्यविधीसाठी बार्शीला निरंजन गेला. मी जाऊ शकले नाही. जुईजवळ कुणीतरी हवं होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. जुई औषधं घेते, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. तिचे रिपोर्ट मी अजून वाचते. ती वाढत गेली तसा कागदावरचा तिसरा रकाना बदलत गेला. तान्ह्या बाळाचा, मग लहान मुलाचा, मग आणखी थोडा वेगळा. पुढे कधीतरी तिला मोठ्यांच्या रकान्यात बसवतील, आईच्या. तो गुलाबी फ्रॉक तिला आला तेव्हा मी आतली दुमड उसवली. आणखी एक उन्हाळा तो तिनं घातला.

परवा निरंजनच्या आतेबहिणीची हळद होती. आमच्या घरात हळद फक्त फोडणीत पडते, अंगाला लावत नाहीत. कुणाला सांगितलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. मी आतल्या खोलीत ओट्या भरायला घेतल्या होत्या, तेवढ्यात जुई धावत आली. पोरींनी तिला माखलं होतं. कपाळ, गाल, गळा, दोन्ही हात.

"मम्मी, बघ, मी कशी पिवळी झाले."

मी उठले. तिला खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढली. दोन्ही डोळे पाहिले.

"पांढरे आहेत ना?" तिनं सवयीनं विचारलं.

"आहेत."

"मग का रडतेस?"

"नाही रडत."

मी पदरानं तिचा गाल पुसायला लागले. हळद निघत नव्हती. जुई थोडा वेळ उभी राहिली. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या.

"आजीला भीती वाटली होती का गं? ऑपरेशनच्या आधी?" हे तिनं याआधीही दोन-तीनदा विचारलं होतं. मी दर वेळी सांगायची, आजी फार धीट होती.

"वाटली होती," मी म्हणाले. "तिनं मला सांगितलं होतं."

"मग तू काय म्हणालीस?"

"रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणाले."

जुईनं विचार केला. "हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं."

"मग काय म्हणायचं होतं तुला?"

मी तिच्या फ्रॉकवरून पोटावर हात ठेवला. बरगड्यांच्या खाली, वण आहे तिथे. तिला सवय आहे, ती हलली नाही. आतून काही लागत नाही हाताला. नुसती ऊब लागते. गेली नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की त्या दुपारी मला 'नको, आई' म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी होते, वेळ निघून गेली. ते खरं नव्हतं. ती सुई ओवत होती आणि मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते. तिला ती ऐकायची होती, असं मला आता वाटतं. कदाचित नसेलही. बाहेरचं गाणं थांबलं होतं. मी मोठ्यानं म्हणाले, जुईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,

"दे ना, आई. भीती वाटत असली तरी दे."